खरखरीतपणाचे व्याकरण : अभियांत्रिकी आरेखनातील एका चिन्हाचा अर्थविचार

मुंबई बंदरासमोरच्या उरण तालुक्यात एके काळी मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांचेच काय ते प्राबल्य होते. १९७४ साली ‘मुंबई हाय’ येथे खनिज तेल सापडले, १९७६ साली त्याचे उत्पादन सुरू झाले आणि १९७८ साली दीडशेहून अधिक किलोमीटर समुद्रतळ ओलांडून तेलाच्या व वायूच्या नळवाहिन्या उरणच्या किनाऱ्यास लागल्या. बोकडवीरा येथील वायूवर चालणारे वीजकेंद्र पुढे याच वायूच्या आधारे उभे राहिले. या साऱ्या कारखानदारीचे वर्णन करताना टाक्या, धुराडी आणि ज्वाला यांकडे दृष्टी जाते. परंतु तिचा सर्वांत नाजूक भाग याहून पुष्कळच लहान असतो. दोन नळ एकमेकांस जोडावयाचे तर प्रत्येकाच्या टोकास एक जाड, भोकांची चकती बसवितात. कारखान्यात तिला फ्लँज म्हणतात. दोन फ्लँज समोरासमोर आणून मध्ये गॅस्केट ठेवावयाचे व बोल्ट आवळावयाचे, एवढीच ती कृती. वायू बाहेर येऊ नये ही जबाबदारी त्या दोन मुखपृष्ठांवर आणि मधल्या गॅस्केटवर असते.

हे मुखपृष्ठ किती गुळगुळीत असावे? ‘शक्य तितके’ हे उत्तर सहज सुचते, आणि ते चुकीचे आहे. आरशासारख्या पृष्ठावर गॅस्केट दाबाखाली सरकू शकते. त्याला पकडून ठेवण्यासाठी धातूवर बारीक चर असावे लागतात. जात्याच्या पाळीची टाकी झिजली की धान्य न भरडता निसटू लागते, म्हणून टाकीवाल्याकडून दगड पुन्हा खरखरीत करून घ्यावा लागे; त्यातलाच हा प्रकार होय. यास्तव अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेच्या ‘बी १६.५’ या मानकात उंचावलेल्या मुखाच्या फ्लँजसाठी केवळ कमाल मर्यादा दिलेली नाही, तर ३.२ ते ६.३ मायक्रोमीटर अशी दुहेरी मर्यादा दिली आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रोमीटर म्हणतात हे ध्यानात घेतले म्हणजे प्रमाणाची कल्पना येते. धातूच्या कड्याने बंद होणाऱ्या जोडात मात्र कड्याच्या खोबणीच्या बाजू १.६ मायक्रोमीटरहून अधिक खरखरीत चालत नाहीत, कारण तेथे धातू धातूवरच टेकतो व लवचीक गॅस्केटची मदत नसते.

हे सर्व आरेखनकाराच्या मनात असते. ते लेथवर काम करणाऱ्या कामगाराच्या हातापर्यंत पोहोचावयाचे तर मध्ये भाषा हवी. ही भाषा शब्दांची नाही. आरेखनाच्या रेषेवर टेकविलेल्या एका लहानशा चिन्हाची आहे. त्या चिन्हास घटक आहेत, घटकांच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि जागा बदलली की अर्थ बदलतो. ज्या व्यवस्थेत एवढे आहे तिला व्याकरण आहे असे म्हणावयास हरकत नसावी.

चिन्हाचे मूळ रूप असे : पृष्ठाच्या रेषेशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या दोन तिरप्या रेषा, डावी आखूड व उजवी लांब, बरोबरची खूण करताना हात जसा फिरतो साधारण तशीच आकृती. हे चिन्ह एकटे उभे असेल तर त्यास स्वतंत्र अर्थ नाही. मूल्य जोडले म्हणजे ‘पृष्ठ असे असावे, कसे करावे ते करणाऱ्याने ठरवावे’ एवढेच ते सांगते. दोन भुजांमध्ये एक आडवी रेघ देऊन त्रिकोण बंद केला की अर्थ होतो, ‘येथील द्रव्य काढलेच पाहिजे’. म्हणजे लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, कानस, यांपैकी कशानेतरी धातू कापला जावयास हवा. आडव्या रेघेऐवजी भुजांच्या कोनात लहान वर्तुळ काढले तर अर्थ नेमका उलटा : ‘येथील द्रव्य काढता कामा नये’, ओतकामातून वा घडाईतून आले तसेच पृष्ठ राहू द्यावे. विकल्प, विधी आणि निषेध हे तीन अर्थ मराठी क्रियापदाचे प्रत्यय व सहायक क्रियापदे जसे व्यक्त करतात, तसे ते येथे एका रेघेने अथवा एका वर्तुळाने व्यक्त होतात. घारापुरीचे लेणे उरण तालुक्यातच मोडते. त्यातील प्रत्येक पृष्ठ द्रव्य काढूनच सिद्ध झाले आहे, त्यामुळे तेथे कोणी हे चिन्ह लिहावयाचे ठरविले असते तर सर्वत्र बंद त्रिकोणच आला असता.

लांब भुजेच्या वरच्या टोकापासून उजवीकडे एक आडवी रेषा निघते. तिच्या खाली पृष्ठाचे मुख्य मूल्य लिहावयाचे, दुसरी अट असल्यास तीही तेथेच खाली. रेषेच्या वर कृतीचे नाव, जसे ग्राइंडिंग. त्रिकोणाच्या उजव्या बाजूस चरांची दिशा दाखविणारी खूण. आणि डाव्या बाजूस, गरज असेल तर, कापण्यासाठी किती धातू अधिक ठेवावयाचा तो आकडा. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ‘आयएसओ १३०२’ या मानकाच्या २००२ सालच्या आवृत्तीत हा क्रम आहे. भारतीय मानक ‘आय.एस. १०७१९’ हे १९८३ साली आले, तेही याच परंपरेतील. एकच आकडा त्रिकोणाच्या डावीकडे असेल तर तो मिलिमीटरांत मोजलेला कापावयाचा थर होतो, आणि उजवीकडे रेषेखाली असेल तर मायक्रोमीटरांत मोजलेला खरखरीतपणा. संस्कृतात विभक्ती कार्य करते म्हणून शब्दक्रम सैल राहू शकतो. येथे विभक्ती नाही, म्हणून सर्व भार जागेवर पडला आहे.

मुख्य मूल्य बहुधा ‘आर-ए’ या दोन अक्षरांनी दर्शविले जाते. पृष्ठावरून एक सूक्ष्म हिऱ्याची सुई ओढतात. ती चढउतारांची रेषा काढून देते. त्या रेषेच्या मधोमध एक मध्यरेषा कल्पून प्रत्येक बिंदूचे तीपासूनचे अंतर, वरचे असो वा खालचे, धनच मानून सरासरी काढली की आर-ए मिळतो. पृष्ठाची अशी उभी रेषा मोठी करून पाहण्याचे प्रयत्न जर्मनीत गुस्टाफ श्माल्ट्झ यांनी १९२९ च्या सुमारास केले. अमेरिकेत ॲबट आणि फायरस्टोन यांचे कार्य १९३३ सालचे. आणि इंग्लंडमध्ये लेस्टर येथील टेलर-हॉब्सन कंपनीचे ‘टॅलिसर्फ’ हे यंत्र १९४१ साली आले. त्यापूर्वी पृष्ठाचा निर्णय नख व डोळा यांवर चाले, आणि पुष्कळ ठिकाणी तो अजूनही तसाच चालतो.

सरासरीचा जो दोष सर्वत्र असतो तो येथेही आहे. एका पृष्ठावरील दहा बिंदूंपैकी नऊ मध्यरेषेच्या अर्ध्या मायक्रोमीटरने खाली असून दहावा साडेचार मायक्रोमीटरने वर आहे असे समजावे. या पृष्ठाचा आर-ए ०.९ येतो. आता हीच आकृती उलटी करावी : नऊ बिंदू अर्ध्याने वर आणि एक साडेचारने खाली. आर-ए पुन्हा ०.९. पहिल्या पृष्ठावर एक सुळका आहे, तो समोरच्या रबरी कड्यास ओरबाडून काढील. दुसऱ्यावर एक खड्डा आहे, त्यात तेल साठेल व झीज उलट कमी होईल. दोन भिन्न वस्तूंस एकच नाव मिळाले आहे. भाषेच्या अभ्यासकास अनेकार्थी शब्दांचे नवल वाटत नाही. परंतु तेथे संदर्भ मदतीस येतो, आणि आरेखनावरील एकाकी आकड्यास संदर्भ नसतो. म्हणूनच जाणता आरेखनकार अशा जागी आर-एच्या जोडीस दुसरे एखादे मूल्य लिहितो, ज्यावरून सुळके अधिक की खड्डे अधिक हे कळते.

दिशेची गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे, आणि उरणच्या फ्लँजचे उदाहरण तेथेच खरे उपयोगी पडते. वरील अमेरिकन मानक मुखपृष्ठावर दर मिलिमीटरास सुमारे दोन चर मागते. हे चर एकात एक असलेली स्वतंत्र वर्तुळे असू शकतात, अथवा ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणे एकच अखंड सर्पिल असू शकते. मानकास दोन्ही मान्य आहेत. वर्तुळे असतील तर प्रत्येक चर स्वतःशीच मिटतो, आतून बाहेर जाण्यास त्यातून वाटच नाही. सर्पिलात मात्र आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत एक अखंड वाट असते. ती किती लांब? मुखाची रुंदी २५ मिलिमीटर व सरासरी व्यास २०० मिलिमीटर धरला तर पन्नास वेढे होतात, प्रत्येक वेढा सुमारे ६२८ मिलिमीटरचा; म्हणजे एकूण ३१ मीटरांहून थोडी अधिक. इतक्या लांबीच्या केसासारख्या वाटेत गॅस्केटचे द्रव्य शिरून बसले की वायूस बाहेर पडणे फार कठीण. आता त्याच मुखावर बोल्ट काढताना पाना निसटून आतून बाहेर असा एक सरळ चरा पडला असे समजावे. त्याची लांबी अवघी २५ मिलिमीटर. त्याची खोली शेजारच्या चरांएवढीच असेल तर आर-एचा आकडा जवळजवळ हलणारही नाही. आकडा तोच, आणि वायूची वाट एकतीस मीटरांवरून अडीच सेंटिमीटरांवर आली.

चिन्हातील दिशादर्शक खुणेचे महत्त्व यावरून कळावे. केंद्राभोवती वर्तुळाकार चरांस इंग्रजी ‘सी’, केंद्रातून बाहेर पसरणाऱ्या चरांस ‘आर’, आरेखनातील रेषेस समांतर चरांस दोन समांतर रेघा, आडव्यांस लंबाची खूण, एकमेकांस छेदणाऱ्यांस फुली. अशी ही छोटी वर्णमाला आहे. विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करतात आणि प्रत्यक्ष आरेखनात बहुधा गाळतात, ही खेदाची गोष्ट होय. तेल आणि वायू यांच्या व्यवहारात गळती म्हणजे काय हे उरणकरांस सांगावयास नको. तेथील प्रकल्पात ३ सप्टेंबर २०१९ रोजी लागलेल्या आगीत चार जणांस प्राण गमवावे लागले. त्या दुर्घटनेचा उल्लेख येथे फ्लँजच्या संबंधाने केलेला नाही. ज्या परिसरात हे जोड उभे आहेत तो कसा आहे, एवढेच त्यावरून समजावे.

चिन्हात जे लिहिले आहे त्याचा विचार येथवर झाला. जे लिहिलेले नाही, तरीही अर्थ देते, त्याचा विचार भाषाशास्त्राच्या दृष्टीने अधिक रोचक आहे. पाणिनीने लोपास व्याकरणात स्थान दिले, म्हणजे जे दिसत नाही त्यासही कार्य करू दिले. आरेखनातील चिन्ह तेच करते. ‘आर-ए ३.२’ एवढेच लिहिले तर ही कमाल मर्यादा आहे हे अध्याहृत असते; किती लांबीवर मोजावयाचे, सूक्ष्म चढउतार आणि मोठ्या लाटा यांना वेगळे करणारी सीमा कोणती, आणि अनेक ठिकाणी मोजले असता सर्वच मापे मर्यादेत हवीत की बहुतेक चालतील, हे सर्व अध्याहृत असते. या शेवटच्या प्रश्नाचे जुने उत्तर सोळा टक्क्यांचा नियम असे होते : घेतलेल्या मापांपैकी सोळा टक्क्यांपर्यंत मापे मर्यादा ओलांडीत असली तरी वस्तू स्वीकारावी. व्यवहारात, पहिल्या बारा मापांत दोनांहून अधिक मापे मर्यादेबाहेर जाऊ नयेत असा त्याचा अर्थ लावला जाई. एकही माप बाहेर नको असेल तर चिन्हात ‘मॅक्स’ हे अक्षर स्पष्ट लिहावे लागे.

२०२१ साली ‘आयएसओ १३०२’ मागे पडून ‘आयएसओ २१९२०’ ही नवी मानकमालिका आली, आणि तिने या मौनाचा अर्थ उलटा केला. आता काहीही लिहिले नसेल तर एकही माप मर्यादेबाहेर जाऊ नये असा अर्थ होतो; सोळा टक्क्यांची सवलत हवी असेल तर तीच स्पष्ट लिहावी लागते. बारा मापांपैकी दहा ३.२ च्या आत आणि दोन ३.४ अशी आली तर तीच वस्तू जुन्या मानकाने उत्तीर्ण होते व नव्याने अनुत्तीर्ण. आकडा बदललेला नाही, बदलले आहे ते केवळ न लिहिलेले. एखाद्या भाषेत अकरणरूपाचा प्रत्यय लोप पावून उद्या ‘येतो’ याचाच अर्थ ‘येत नाही’ असा होऊ लागला तर जो गोंधळ उडेल, तसा तो येथे उडण्याजोगा आहे. जुन्या आरेखनाचा अर्थ ते ज्या मानकानुसार काढले त्यानेच लावावयाचा, हा एकच उपाय. आणि म्हणून आरेखनाच्या कोपऱ्यातील रकान्यात मानकाचा क्रमांक व साल लिहिणे ही औपचारिकता मानता येत नाही. वीजकेंद्रासारख्या ठिकाणी यंत्रे तीस-चाळीस वर्षे चालतात. बोकडवीऱ्याच्या केंद्रातील पहिले संच १९८२ सालचे होते. अशा यंत्राचा सुटा भाग आज करून घ्यावयाचा तर आरेखन एका पिढीचे आणि वाचणारा दुसऱ्या पिढीचा असा प्रसंग येतो.

त्याहून जुन्या पिढीची आरेखने त्रिकोणांची भाषा बोलतात. रेषेवर उलटा एक त्रिकोण म्हणजे जाडे काम, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे बारीक, चार म्हणजे अतिसूक्ष्म. भारतीय पाठ्यपुस्तकांत दोन त्रिकोणांचा अर्थ १.६ ते ८ मायक्रोमीटर, आणि तिनांचा ०.०२५ ते १.६ असा देत. म्हणजे तीन त्रिकोणांच्या एका चिन्हाखाली चौसष्ट पटींचा फरक सामावत होता. तरीही ही पद्धत टिकली, कारण ती बोलता येत असे. ‘याला तीन त्रिकोण मार’ असे सांगितलेले टर्नरास समजते. ‘आर-ए शून्य दशांश आठ’ हे उच्चारणे तितके सोपे नाही. पुढे एन-१ ते एन-१२ अशा श्रेणी आल्या, ज्यांत प्रत्येक पायरीस मूल्य साधारणतः दुप्पट होते : एन-६ म्हणजे ०.८, एन-७ म्हणजे १.६, एन-८ म्हणजे ३.२. याही बोलण्यास सोप्या होत्या.

बोलण्याचा प्रश्न निघाला म्हणजे मराठीचा प्रश्न येतोच. पृष्ठाच्या या गुणधर्मास ‘रूक्षता’ असा शब्द काही ठिकाणी योजला जातो. संस्कृतात तो योग्य असला तरी मराठी कानास त्यातून कोरडेपणा किंवा स्वभावाचा तुसडेपणा ऐकू येतो. तेल लावलेल्या पृष्ठाची रूक्षता हे विधान मराठीत विनोदी ठरते. वास्तविक या क्षेत्रात मराठी दरिद्री नाही. ओबडधोबड, खडबडीत, खरखरीत, रवाळ, चरबट, गुळगुळीत, तुळतुळीत, घोटीव, ही सर्व विशेषणे बोलीत जिवंत आहेत, आणि त्यांत एक सूक्ष्म व्यवस्था दिसते. ‘ओबडधोबड’ वस्तूचा आकारच बिघडलेला असतो. ‘खडबडीत’ रस्ता असतो, जेथे चढउतार डोळ्यांना दिसतात. ‘खरखरीत’ घोंगडी असते, जेथे ते दिसत नाहीत, कातडीस जाणवतात. पृष्ठविज्ञानही आकारदोष, लाटा आणि सूक्ष्म चढउतार असे तीन थर मानते आणि आर-ए केवळ तिसऱ्याचा मोजते. हे साम्य पाहता त्या तिसऱ्यास ‘खरखरीतपणा’ हाच शब्द अधिक नेमका बसतो. शब्द थोडा लांब व घरगुती आहे, ही तक्रार होऊ शकते. पण औद्योगिक प्रशिक्षण घेणाऱ्या मुलास तो पहिल्याच दिवशी समजतो, हे त्याहून मोठे.

एका बाबतीत मात्र बोली फसवते. ‘चकचकीत’ हा डोळ्याचा शब्द आहे, ‘गुळगुळीत’ हा हाताचा. कारखान्यात दोन्ही एकाच अर्थाने वापरले जातात. बफ मारून चकाकी आणलेल्या पृष्ठावर लांब लाटा राहू शकतात, आणि नीट ग्राइंड केलेले पृष्ठ मंद दिसूनही सपाट असू शकते. ‘फिनिश चांगली आली’ या वाक्याने यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे हे विचारून घेणे बरे.

फ्लँजच्या बाबतीत तर मानकच इंद्रियांवर विश्वास ठेवते. ‘बी १६.५’ म्हणते की मुखपृष्ठाची परीक्षा नमुना-पट्ट्यांशी डोळ्यांनी तुलना करून व्हावी, सुई व इलेक्ट्रॉनिक वर्धन असलेल्या यंत्राने नव्हे. आकडा मायक्रोमीटरांत द्यावयाचा आणि मोजमापाचे यंत्र दूर ठेवावयाचे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु चरांच्या पृष्ठावर सुईने दिलेला आकडा ती कोठून व कोणत्या दिशेने ओढली यावर फार अवलंबून असतो; चरांच्या बाजूने ओढली तर ती जणू गुळगुळीत रस्त्यावरूनच जाते. डोळ्यास मात्र चर, त्यांची दिशा आणि एखादा आडवा चरा हे तिन्ही एकदम दिसतात.

शेवटी एका समध्वनी शब्दाची नोंद करणे अवश्य आहे. समुद्रातून उरणला येणाऱ्या नळाच्या आतील भिंतीसही खरखरीतपणा असतो, आणि द्रवाच्या प्रवाहास तो विरोध करतो. निकुराड्झे यांनी १९३३ साली नळांच्या आत ठराविक आकाराची वाळू चिकटवून हा विरोध मोजला; मूडी यांचा सुप्रसिद्ध आलेख १९४४ सालचा. तेव्हापासून प्रवाहशास्त्रात नळाचा खरखरीतपणा ‘तेवढाच विरोध करणाऱ्या वाळूच्या कणांचा आकार’ या रूपाने सांगतात, आणि नव्या साध्या पोलादी नळासाठी तो सुमारे ०.०४५ मिलिमीटर, म्हणजे ४५ मायक्रोमीटर, धरतात. हा आकडा आणि फ्लँजवरील ३.२ किंवा ६.३ हा आर-ए दोन्ही मायक्रोमीटरांतच येतात, दोन्हींस एकच नाव आहे, आणि दोन्ही एकाच नळाच्या कागदपत्रांत शेजारी शेजारी आढळतात; तरी एक सुईच्या रेषेची सरासरी आहे व दुसरी वाळूची उपमा. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारे सर्वत्र लागू पडेल असे सूत्र नाही. आरेखनात आकड्यापूर्वी ‘आर-ए’ ही अक्षरे लिहिण्याचा आग्रह धरतात त्याचे एक कारण हेही आहे.